सायकलची वाट कोणाची?

तुमच्यापैकी बरेच जण रोज सायकलने शाळेत येतात. नांदेडला देगलूर नाक्याकडून येणारे असोत की लातूरला गंजगोलाईतून वाट काढणारे, सकाळच्या गर्दीत सायकल चालवणे म्हणजे काय, हे त्यांना सांगायला नको. गंजगोलाईला तर सोळा रस्ते येऊन मिळतात!

नांदेडमध्ये एकदा सायकलवाल्यांचा चांगला विचार झाला होता. २००८ साली येथे गुरुगादीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. लाखो भाविक येणार म्हणून जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून शहराचे मोठे रस्ते नव्याने बांधले गेले. त्यांतील काही रस्त्यांवर पदपथाबरोबर सायकलींसाठी वेगळी पट्टीही ठेवली होती.

पण आपल्याकडे मोकळी जागा दिसली की ती कोणाचीच नाही असे आपण समजतो. सायकलच्या वाटेवर आधी एक मोटारसायकल उभी राहते, मग तिच्या शेजारी मोटार, मग बांधकामाची वाळू. लग्नसराईत मांडवाचे खांबही तिथेच रोवले जातात. सायकलवरच्या मुलाने काय करावे? तो एकदम उजवीकडे वळून मोठ्या रस्त्यावर येतो. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तो तिथे येईल याची कल्पनाच नसते. म्हणून मला वाटते, अडवलेली सायकलवाट ही वाट नसण्यापेक्षाही अधिक धोक्याची आहे.

येथे एक फरक मात्र केला पाहिजे. हातगाडीवर केळी विकणारे चाचा आणि दुकानासमोर मोटार लावून चहा प्यायला गेलेले साहेब यांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. चाचांचे पोट त्या गाडीवर आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राचा कायदा झाला. त्यांना बसण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात, असे तो सांगतो. चाचांना योग्य जागा मिळाली तर वाटही मोकळी होईल. साहेबांना मात्र अशी कोणतीच अडचण नाही. सायकलमार्गावर वाहन उभे करू नये असा नियम आहे, आणि तो वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांत लिहिलेला आहे. आणखी एक गोष्ट. शुक्रवारी जुम्याच्या नमाजच्या वेळी मशिदीसमोर ज्या गाड्या आडव्यातिडव्या लागतात, त्या परक्यांच्या नसतात. आपल्या अब्बांची आणि मामूंची गाडी कुठे उभी आहे, हेही पाहावे.

काही लोक म्हणतात, ही सारी परदेशातली चैन आहे. पण नेदरलँड्स हा सायकलींचा देश पहिल्यापासून आजच्यासारखा नव्हता. १९७१ साली तेथे रस्त्यांवरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप आणि मुले रस्त्यावर उतरली. मुलांचे बळी थांबवा, अशी त्यांची मागणी होती. त्यानंतर तेथे हळूहळू सुरक्षित सायकलमार्ग वाढत गेले.

तुम्ही मात्र वाट अडवणाऱ्याशी भांडत बसू नका, त्याच्या गाडीची हवा तर मुळीच सोडू नका. अडथळा दुरून दिसला की वेग कमी करा, मागे वळून पाहा, उजवा हात दाखवा आणि मगच बाहेर या. गर्दी फार असेल तर खाली उतरून सायकल हातात धरून न्या. त्यात कमीपणा नाही.

आणि महानगरपालिकेला अर्ज लिहा. मराठीत अर्ज लिहायला तुम्ही वर्गात शिकताच. तो एकदा खऱ्या कामासाठी लिहून पाहा. अर्जात रस्त्याचे नाव, जवळची खूण, वार आणि वेळ लिहा. ‘नेहमीच अडथळा असतो’ असे लिहू नका. ‘सोमवारी सकाळी साडेसात वाजता चार मोटारी उभ्या होत्या’ असे लिहा. घरच्या मोठ्या माणसाची सही घ्या, अर्ज कार्यालयात देऊन पोच मागून घ्या. पंधरा दिवसांनी वाट तशीच दिसली, तर त्या पोचेची तारीख टाकून दुसरा अर्ज लिहा.