पाहुणा पंचवीस वर्षांचा

"बाबा, तुम्ही आलात की जरा त्याला समजावा. माझं तर डोकंच चालेनासं झालंय." गेल्या वर्षी आम्ही उभयता इंग्लंडला निघण्याच्या आदल्या आठवड्यात मुलीचा फोन आला. विषय नातवाचा होता. पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल आई असे बोलू लागली, की आजोबांच्या मनात अभ्यास, मोबाइल, फार तर एखादी मैत्रीण एवढेच येते. "झालं तरी काय?" मी विचारले. पलीकडून उत्तर आले, "त्याला सोळाव्या वाढदिवसाला अजगर हवाय!"

सौभाग्यवतींनी तत्काळ देवापुढे दिवा लावला. मी मात्र फोन ठेवल्यावर बराच वेळ गप्प बसून राहिलो. कारण अजगर म्हटले, की मला आमच्या कोकणातल्या घरामागचे खुराडे आठवते. मी तेव्हा नऊ वर्षांचा असेन. एका पहाटे कोंबड्यांचा कालवा झाला म्हणून सारे बाहेर धावले. खुराड्यात अजगर शिरला होता. दोन कोंबड्या गिळून पोट इतके फुगले होते, की आला त्या फटीतून त्याला बाहेर पडता येईना. गडीमाणसांनी कोयती आणि काठ्या आणल्या. त्या बिचाऱ्याने ना फणा काढला, ना कुणावर झेप घेतली. तो नुसता अंग आवळून घेत राहिला. सगळे मारत होते, म्हणून मीही एक धोंडा मारला. तो लागला. आज सत्तरीतही तो धोंडा हातातून सुटल्याचे मला आठवते.

तेव्हा नातवाला समजावण्याचा नैतिक अधिकार आपल्याला कितपत आहे, असा प्रश्न घेऊनच मी रेडिंगला उतरलो.

तिथे गेल्यावर लक्षात आले, की चिरंजीवांची मागणी निव्वळ लहर नव्हती. त्याने एक वही केली होती. तीत तापमान, खुराक, खर्च अशी सगळी टिपणे होती. शिवाय तिथला कायदाही त्याच्या बाजूने होता. आपल्याकडच्या वाचकांना आश्चर्य वाटेल, पण इंग्लंडमध्ये विषारी साप पाळायला १९७६ च्या कायद्यानुसार परवाना लागतो, अजगराला मात्र लागत नाही. २००६ च्या प्राणीकल्याण कायद्याने सोळा वर्षांखालील मुलाला प्राणी विकण्यास बंदी आहे. जनावर पाळणाऱ्याने त्याला योग्य जागा, योग्य अन्न आणि दुखण्याखुपण्यात उपचार दिलेच पाहिजेत, असेही तोच कायदा सांगतो. म्हणजे सोळा मेणबत्त्या विझवून हा मुलगा थेट दुकानात जाऊ शकत होता. अडसर होता तो फक्त आईचा.

"आजोबा, तुम्ही तरी घाबरू नका. बर्मीज पायथन स्वभावानं फार शांत असतो," तो म्हणाला.

"शांत असेल रे. पण आधी आपण गणित करू," मी म्हटले. उभा जन्म बँकेत गेला. मला दुसरे काय येते?

आम्ही वही उघडून बसलो. अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम दीड-दोन फुटांचे असते आणि ओंजळीत मावते. पण नीट खाऊ घातले, तर तीन-चार वर्षांत मादी बारा फुटांच्या पुढे जाते. पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन चाळीस किलोंच्या वर जाऊ शकते. एवढे धूड उचलायला एक माणूस पुरत नाही आणि ठेवायला पेटी नव्हे, खोली लागते. आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे. मी त्याला एकच बेरीज करायला लावली, सोळा अधिक पंचवीस. त्याने 'एक्केचाळीस' असे लिहिले आणि पेन्सिल चावत बसला. आपण एक्केचाळीस वर्षांचे होऊ, ही कल्पनाच त्या वयात कुणाला शिवत नाही.

हे गणित न करता हजारो लोकांनी पिल्ले नेली, की काय होते, ते अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याने पाहिले आहे. पाळलेले अजगर आवरेनासे झाले, तसे लोकांनी ते पाणथळीत सोडून दिले. १९९२ च्या अँड्र्यू वादळात सापांचे एक पैदास केंद्र उद्ध्वस्त झाले आणि तिथलेही साप बाहेर पडल्याचे सांगतात. एव्हरग्लेड्सच्या राष्ट्रीय उद्यानात त्यांची वीण झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तिथे पूर्वी रात्रीच्या रस्त्यावर सर्रास दिसणारे रकून नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने बर्मीज अजगराच्या आयातीवर बंदी घातली. पण तोवर उशीर झाला होता. दोष अजगराचा म्हणावा, तर तो तिथे आपल्या पायांनी थोडाच गेला होता!

दुसरी गोष्ट त्याच्या घरापासून फारशी दूर घडलेली नव्हती. २०१७ साली शेजारच्या हॅम्पशायर परगण्यात एका तरुणाचा आपल्या खोलीत मृत्यू झाला. त्याच्याकडे लहानपणापासून वाढवलेला आठ फुटी आफ्रिकन अजगर होता. पुढच्या वर्षीच्या चौकशीत मृत्यूचे कारण तो सापच, असा निष्कर्ष निघाला. तरुण अननुभवी नव्हता, साप पाळण्यात त्याची वर्षे गेली होती. असे प्रसंग अगदी विरळा घडतात, हे खरेच. पण 'मोठा साप हाताळताना दुसरे माणूस जवळ हवेच' हा नियम अशाच प्रसंगांपायी झाला आहे.

एवढे ऐकूनही त्याचा उत्साह मावळला नाही. मग जावयांनी एक शहाणपणाचा मार्ग काढला. दुकानात जाण्याआधी, लोकांनी नकोसे म्हणून सोडलेले साप सांभाळणाऱ्या एका आश्रयकेंद्रात जायचे ठरले.

तिथे आम्हांला चौदा फुटांची एक अजगरीण दाखवली. एक अख्खी खोली तिला दिलेली होती. केंद्र चालवणाऱ्या बाईंनी सांगितले, की हिला कुणीतरी पिल्लू असताना हौसेने आणले. पुढे घर बदलले, नव्या जागेत साप चालेना. तिघांनी उचलून हिला इथे आणून सोडले. "लहान सापांना घरं मिळतात. हिला मागायला कोणी येत नाही," त्या म्हणाल्या. नातू काचेपाशी उभा राहून कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत होता. मलाही तिच्यात आमच्या खुराड्यातला तो कोपऱ्यात आवळून बसलेला जीव दिसत होता. एकाला भीतीने मारले होते, एकीला हौसेने कोंडले होते. दोघांनाही कुणी विचारले नव्हते.

परतताना गाडीत कोणी बोलले नाही. रात्री तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "आजोबा, पिल्लू नको. मोठा झालेलाच एखादा आणू या, ज्याला घर नाही असा."

अशा रीतीने निवड बदलली. अजगराऐवजी बोआ ठरला, आणि तोही नर. बोआच्या माद्या नरांहून बऱ्याच मोठ्या होतात, नर साधारण सहा-सात फुटांवर थांबतो. अजगर अंडी घालतो, बोआ पिल्लांना जन्म देतो, हा भेद मला नातवाने शिकवला. केंद्रात सहा फुटी, आठ वर्षांचा एक नर होता. तो घेण्यापूर्वी काय पाहायचे, तेही बाईंनी समजावले. अंग भरलेले आणि घट्ट हवे, पाठीचा कणा वर आलेला नसावा. डोळे स्वच्छ हवेत. तोंडाशी फेस किंवा श्वासाला घरघर नको. खवल्यांत काळे ठिपके हलताना दिसले, तर त्या गोचिडासारख्या बारीक किडी असतात. आणि मुख्य म्हणजे, तो आपल्यासमोर खाताना पाहावा. न खाणारा साप घरी आणणे म्हणजे दुखणे विकत घेणे. जंगलातून धरून आणलेला साप तर कधीच घेऊ नये.

नंतरचे दोन महिने घरात सुताराचे काम चालले. जावयांनी आणि नातवाने मिळून लाकडी पेटी बांधली. सापाला सरळ ताणून पडता यावे, म्हणून सापाहून लांब, म्हणजे सात फुटांची. पुढे सरकत्या काचा आणि त्यांना कुलूप. साप फट शोधून निसटण्यात पटाईत असतो, हे खुराड्याच्या अनुभवावरून मीही सांगू शकलो असतो. एका टोकाला ऊब तीस ते बत्तीस अंश, दुसऱ्या टोकाला पंचवीस-सव्वीस. सापाला अंगची ऊब नसते, म्हणून तो जागा बदलून ती कमीजास्त करतो. तापमान राखणारे यंत्र असल्याशिवाय हीटर लावायचा नाही आणि हीटरला जाळी हवीच. कारण साप गरम वस्तूला बिलगून भाजून घेतो आणि तरी हलत नाही. दोन्ही टोकांना लपायला एकेक जागा, आणि अंग बुडवता येईल एवढे पाण्याचे पसरट भांडे.

खाण्याचा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींच्या दृष्टीने सर्वांत बिकट होता. तिथे गोठवलेले उंदीर मिळतात. ते वितळवून, कोमट करून लांब चिमट्याने द्यायचे. जिवंत उंदीर देत नाहीत, कारण उंदीरही सापाला चावून जखमी करतो. प्रौढ बोआला दोन-तीन आठवड्यांतून एकदा खाणे पुरते. त्याहून जास्त घातले, तर तो सुस्त होऊन आजारी पडतो. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने धुवायचे, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. गळ्यात हार घातल्यासारखा त्याला कधीच घ्यायचा नाही. उंदरांसाठी गराजमध्ये वेगळा छोटा फ्रीज आला, तेव्हा कुठे आजीबाईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकले.

पण मुलीचा खरा प्रश्न उंदरांचा नव्हताच. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "दोन वर्षांनी तू युनिव्हर्सिटीत जाशील. मग हा कोणाचा?" टेबलावर शांतता पसरली. मला वाटते, कोणतेही जनावर घरात आणण्यापूर्वी हाच एक प्रश्न विचारायला हवा, आणि बहुतेक घरांत तो शेवटी विचारला जातो. नातवाने उत्तर लगेच दिले नाही. चार दिवसांनी त्याने आईला कागद लिहून दिला. कॉलेजच्या काळात साप वडील पाहतील, खर्च तो स्वतः शनिवारच्या कामातून देईल, आणि तेही जमले नाही, तर साप केंद्राकडे परत जाईल. उघड्यावर सोडणार नाही. मुलीने सही केली. ती करताना तिचे डोळे का भरून आले, ते मी विचारले नाही.

इथे परतल्यावर ही हकीकत सांगितली, तेव्हा आमच्याच सोसायटीतल्या एका तरुणाने मला कोपऱ्यात घेऊन विचारले, "काका, इकडे कुठे मिळेल हो?" त्याला जे सांगितले, तेच वाचकांनाही सांगतो. आपला भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तो पाळणे हा गुन्हा आहे. परदेशी अजगर आणि बोआ यांनाही २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या कक्षेत आणले आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची सरकारदरबारी नोंद आवश्यक आहे. तरीही चोरवाटा चालूच आहेत. जून २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप निघाले. आणि परदेशाला नावे कशाला ठेवा? बोआच्याच कुळातले आपले गरीब मांडूळ, गुप्तधन दाखवते म्हणून महाराष्ट्रात लाखांच्या भावाने चोरून विकले जाते. ज्याला धड दिसत नाही, ते बापडे धन काय दाखवणार?

आपण नागपंचमीला नागाला दूध दाखवतो आणि षष्ठीला घरात साप निघाला, की काठी शोधतो. पूजा आणि काठी या दोहोंच्या मधे एक जागा आहे. ओळखीची. तिच्यासाठी साप पाळावाच लागतो, असे मुळीच नाही. घरात साप निघाला, तर काठीऐवजी सर्पमित्राला किंवा वनखात्याला फोन करणे, मुलांना कात्रजच्या सर्पोद्यानात नेऊन शांतपणे बघू देणे, एवढ्यानेही ती साधते.

निघायच्या आदल्या दिवशी नातवाने तो बोआ माझ्या हातावर ठेवला. जावई शेजारी उभे होते, नियमाप्रमाणे. मला वाटले होते, अंग गार आणि बुळबुळीत लागेल. ते कोरडे होते, किंचित उबदार, आणि आतून सावकाश सरकणारे. त्याला माझ्याबद्दल प्रेम वाटत नव्हते, वाटणारही नाही. साप माया लावत नाही. त्याने मला फक्त सहन केले, आणि ते मला पुष्कळ होते. ज्या हाताने धोंडा मारला, तोच हात होता तो.

परवा मुलीचा फोन आला. "बाबा, काल त्यानं कात टाकली. अगदी अख्खी निघाली, डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट." सांगताना तिचा आवाज असा होता, जसा नातवाला पहिला दात आला तेव्हा होता. मी विचारले, "आणि चिरंजीव कुठे आहेत?"

"तो शनिवारच्या कामावर गेलाय," ती म्हणाली. "पाणी मीच बदललं."