सोमवारची छाती

शहाण्यांनो, तुमच्या प्रबंधात आमचा दम मोजलेला आहे. मोजणारा आमचा का नाही?

माझा आजा परळच्या एका गिरणीत कार्डिंगला होता. रविवारची सुट्टी काढून सोमवारी खात्यात शिरला की संध्याकाळी छातीवर कुणी पाय देऊन उभं राहिल्यासारखं व्हायचं. मंगळवारी जरा बरं. गिरणीचा डॉक्टर म्हणायचा, रविवारी ढोसतोस. आज्यानं जन्मात थेंब घेतला नव्हता.

ह्या दुखण्याला नाव आहे, बिसिनोसिस. मी दहावी नापास, डिक्शनरी मांडीवर घेऊन हे वाचलं. कापसाच्या धुळीत जंतूंचं विष असतं, ते श्वासनळ्या आवळतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला जोर जास्त, म्हणून इंग्रजीत त्याला सोमवारचा ताप म्हणतात. वर्षं गेली की सगळेच वार सोमवार होतात. पाळीच्या आधी आणि नंतर माणसाला नळीत फुंकायला लावायचं, पहिल्या सेकंदात किती हवा निघाली ते मोजायचं. आज्यालाही एका दवाखान्यात फुंकायला लावलं होतं. आकडा वहीत गेला. आज्याला कुणी सांगितला नाही.

सगळेच तसे नव्हते. केईएमच्या डॉ. एस. आर. कामतांनी गिरणी कामगारांच्या छातीचा पाच वर्षं पाठपुरावा केला, 1981 ला तो अमेरिकेच्या मासिकात छापून आला. खरं काम. पण 18 जानेवारी 1982 ला संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. फुप्फुसं घेऊन गावी गेले.

आता ऐका. धूळ सगळ्यांना सारखी नव्हती. साच्यावर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. विटाळ नको म्हणून आमच्या माणसाला विणकाम खात्यात उभं राहू देत नव्हते. पगार तिथं जास्त. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. आम्हाला उरलं सूतखातं. कापूस जितका कच्चा, तितकी धूळ जास्त. म्हणजे कुणाच्या छातीत किती कापूस जाणार हे जातीनं ठरवलं. हा फिजिऑलॉजीचा प्रश्न आहे की नाही? का फिजिऑलॉजी सोवळ्यात असते?

यंत्राचंही सांगतो. अमेरिकेत काळ्या माणसाचं फुप्फुस मुळातच लहान असं धरून दम मोजायच्या यंत्रातच दहा-पंधरा टक्के वजावट घालून ठेवली होती. त्याचा दम कमी भरला तरी यंत्र म्हणणार, तुझ्या वंशाला एवढा चालतो. ही वजावट काढा असं तिथल्या छातीतज्ज्ञांच्या संस्थेनं सांगितलं कधी? 2023 साली! यंत्र घडवणाऱ्याच्या डोक्यात जे असतं तेच यंत्रात उतरतं.

आणि मेरिटवाल्यांनो, तुमचं काय? डॉक्टरकीनंतर फार्माकॉलॉजी, फिजिऑलॉजीला तुमचीच पोरं जात नाहीत, कारण त्यावर दवाखाना थाटता येत नाही. जागा रिकाम्या राहिल्या म्हणून सप्टेंबर 2023 ला पदव्युत्तर प्रवेशाचा कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणला. सगळ्यांसाठी. तेव्हा मेरिटचं मढं खांद्यावर घेऊन निघालेला मोर्चा मी काही लालबागला पाहिला नाही. राखीव जागा म्हटलं की मात्र तुमच्या घरात सुतक.

आमच्या चाळीतली एक पोरगी फार्माकॉलॉजीत एम.फार्म. झाली. तिला पीएच.डी. करायची आहे, कापसाच्या धुळीवर. एका मास्तरनं विचारलं, गिरण्या गेल्या, आता ह्याला मार्केट काय? मी तिला म्हटलं, ताई, त्याला भिवंडीला घेऊन ये. 2020 च्या टाळेबंदीत माझी गिरणी बसली, मी आता तिथंच मागावर आहे. घरी यायला रात्र होते, नाकातनं सूत निघतं. दाखवतो त्याला मार्केट.

ती हटलेली नाही. म्हाताऱ्यांची नावं लिहून घेते आहे. कोण कुठल्या खात्यात, किती वर्षं, आणि त्या खात्यात का, हेसुद्धा. तिची आई म्हणते, आधी नोकरी बघ. आईचंही खोटं नाही, भाडं थकलंय.

तेव्हा डिलाईल रोड, परळ, लालबागच्या भावांनो, आज्याच्या ट्रंकेत ईएसआयचं कार्ड, छातीचा फोटो, गिरणीचा बिल्ला असेल तर रद्दीत घालू नका. तिला लागणार आहे.