घर्षणाचे कार्य नेहमी ऋण नसते



‘घर्षणबलाला विस्थापनाने गुणा आणि डोळे झाकून उणे चिन्ह लावा’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला मला मुळीच पटला नाही. अकरावीच्या मुलांना शिकवताना याच वाक्याने झालेला घोळ मी दरवर्षी निस्तरते.

टेम्पोच्या हौद्यात ५० किलोचे तांदळाचे पोते आहे. टेम्पो थांबलेल्या अवस्थेतून १ मी/से² त्वरणाने निघतो आणि पोते न घसरता सोबत जाते. त्याला पुढे नेते कोण? हौद्याचे घर्षणच! बल ५० न्यूटन; टेम्पो १० मीटर गेला की घर्षणाने पोत्यावर केलेले कार्य अधिक ५०० ज्यूल. इथे घर्षण गुणांक गुणिले अभिलंब बल हे सूत्रही लावू नये. ते स्थितिक घर्षणाची फक्त कमाल मर्यादा सांगते, आणि मुले नेमकी इथेच फसतात.

आता विस्थापनाबद्दल. लोखंडी पेटी फरशीवरून सरळ ३ मीटर ओढली आणि त्याच वाटेने परत आणली. विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य, असे हुशार मुलेही लिहितात. पण परतताना घर्षणाची दिशाही उलटते. घर्षणबल ८० न्यूटन धरले तर जाताना उणे २४० आणि येतानाही उणे २४०, म्हणजे एकूण उणे ४८० ज्यूल. ही ऊर्जा पेटीचा तळ आणि फरशी किंचित तापवण्यात जाते, हाताला ते जाणवले नाही तरी.

सूत्राआधी मुलांना दोन बाण काढू द्यावेत: एक बलाचा, एक सरकण्याचा. चिन्ह तिथेच कळते.

– एक शिक्षिका