भाद्रपदाच्या आधी

डिसेंबर उजाडला की आपल्या दवाखान्यांतले फोन वाढतात. पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या जिन्याखाली कुत्री व्यायलेली असते, पिल्ले कुडकुडत असतात आणि गल्लीतली उत्साही मुले विचारतात, "डॉक्टर, नसबंदीचं शिबिर कधी घेऊ या?" शिबिर होते, फलक लागतो, तीस-चाळीस शस्त्रक्रियांची बातमी छापून येते. पुढच्या हिवाळ्यात त्याच गल्लीत पिल्ले असतातच.

मुलांचा उत्साह खरा असतो, पण वेळ साफ चुकलेली असते. कुत्री भाद्रपदात माजावर येतात हे खेड्यातल्या कुणालाही ठाऊक आहे. ते कळायला पशुवैद्यकाची पदवी लागत नाही. जयपूरच्या रस्त्यांवरील कुत्र्यांच्या नोंदींतही हेच दिसले: माज पावसाळ्याच्या अखेरीस, पिल्ले हिवाळ्याच्या तोंडाशी. गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा. म्हणजे आपण शिबिर भरवतो तेव्हा बहुतेक माद्या अंगावर पाजत असतात आणि त्यांना उचलता येत नाही. मग टेबलावर येतात ते नर. ते पकडायला सोपे, शस्त्रक्रिया झटपट, आकडा भरघोस. पण दहातले नऊ नर खच्ची केले तरी उरलेला एक गल्लीतल्या सगळ्या माद्यांना पुरतो. अशा शिबिराला आम्ही संततिनियमन म्हणायला तयार नाही.

जयपूरचे उदाहरण आपल्या व्यवसायात पुन्हा पुन्हा सांगितले जाते, ते सांगण्याजोगेच आहे. तिथे 'हेल्प इन सफरिंग' या संस्थेने नोव्हेंबर 1994 मध्ये काम सुरू केले. 2002 अखेरपर्यंत सुमारे 25 हजार कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीज लसीकरण झाले. कार्यक्षेत्रातल्या 65 टक्के माद्यांपर्यंत काम पोहोचले, कुत्र्यांची संख्या 28 टक्क्यांनी घटली आणि तिथे माणसांतला रेबीज शून्यावर आला. शहराच्या इतर भागांत तो वाढत होता. यातला 25 हजारांचा आकडा आपल्याला पाठ असतो, 65 टक्क्यांचा नसतो. खरा महत्त्वाचा तोच. आणि या कामाला आठ वर्षे लागली, हेही शिबिरवाल्यांना सांगायला हवे.

जुन्या वस्त्या या कामाला गैरसोयीच्या मानल्या जातात. बोळ अरुंद, गाडी आत जात नाही, जाळे टाकायला जागा नाही. आमचे मत उलट आहे. पेठेला हद्द असते, आणि हद्द असली की टक्केवारी मोजता येते. शिवाय कुठली मादी कुणाच्या ओट्याखाली झोपते, कुणाच्या हातून पोळी खाते, हे तिथल्या माणसांना माहीत असते. रोज खाऊ घालणाऱ्या काकूंनी हाक मारली की जी मादी चालत येते, तिच्यामागे पालिकेच्या पकडपथकाला अर्धा दिवस धावावे लागते. जाळ्याची धास्ती एकदा बसली की पुढचे सगळे अवघड होते, माणसांच्या बाबतीतही. मुंबईच्या कोटात 1832 मध्ये कंपनी सरकारने कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली.

स्वयंसेवकांनी आणावे, नोंद ठेवावी, त्याच बोळात परत सोडावे. पुढचे मात्र आपले काम, आणि तिथे 'सेवाभाव' ही सबब चालणार नाही. चीर उजव्या कुशीत घ्यायची की पोटाच्या मध्यरेषेवर, यावर वाद घालत बसू; कुशीतली जखम लांबून दिसते हा तिचा मोठा फायदा. पण निर्जंतुक हत्यारे, वजन करून दिलेली भूल, विरघळणारा टाका आणि नंतरची चार-पाच दिवसांची देखरेख यांवर वाद नको. टाके उसवलेली एक मादी गल्लीत फिरली की त्या पेठेत दुसरी मिळत नाही. टीव्हीटीची गाठ दिसली तर व्हिन्क्रिस्टिनचा कोर्स कोण पूर्ण करणार, हे आधी ठरवा.

शाळेच्या हॉलमध्ये टेबले मांडून शिबिर उरकण्याचे दिवस गेले आहेत. 2023 च्या नियमांनुसार हे काम प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच व्हायला हवे. नसबंदी केलेले कुत्रे मूळ जागी सोडावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 ला म्हटले. 7 नोव्हेंबरला मात्र शाळा, रुग्णालये, बसआगारे, रेल्वेस्थानके यांच्या आवारातून उचललेली कुत्री तिथे परत सोडू नयेत, असा आदेश आला. पेठेत दर चार घरांआड शाळा. त्या कुत्र्यांचे काय, हे पालिकेकडून लेखी घेतल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

मांजरांचा प्रश्न याहून बिकट आहे. त्यावर स्वतंत्र अंक काढू.

तूर्त विनंती एवढीच. आपल्या दवाखान्याजवळची एकच पेठ निवडा. मान्यताप्राप्त संस्थेशी बोलून चैत्र ते आषाढ आठवड्यातले दोन दिवस केवळ माद्यांसाठी राखून ठेवा. श्रावणात स्वयंसेवकांबरोबर पहाटे फेरी मारा आणि एकूण माद्या किती, त्यांतल्या कानाला खाच असलेल्या किती, ते मोजा. शस्त्रक्रियांचे आकडे आम्हाला पाठवू नका, ते आम्ही छापणार नाही. हे दोन आकडे पाठवा.