अनुदान हे नवे वतन होऊ नये!

22 आणि 23 फेब्रुवारी 1941 हे दोन दिवस धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील आंबेडकरी माणूस विसरू शकत नाही. या दिवशी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब स्वतः तिला हजर राहिले. गावच्या शाळेत त्यांचा मुक्काम होता. ही वास्तू स्मारक म्हणून जतन व्हावी, शासनाने तिला निधी द्यावा, ही मागणी समाज वर्षानुवर्षे करीत आला आहे. मागणी रास्तच आहे. पण आम्हाला आज एक वेगळाच प्रश्न विचारावासा वाटतो. निधी मंजूर झालाच, तर आपण तो घ्यायला तयार आहोत काय?

प्रश्न अनेकांना रुचणार नाही. 'आधी पैसे तर येऊ द्या, मग बघू', असे उत्तर येईल. हे 'मग बघू'च आजवर आपल्याला महागात पडले आहे.

ज्या वतनाच्या प्रश्नावर तडवळ्याची परिषद भरली, ते वतन तरी काय होते? जमिनीचा एक तुकडा, चार पेंढ्या बलुते आणि त्या बदल्यात साऱ्या घरादाराची गावकीला व सरकारला बांधलेली चाकरी. समाज हातात काय पडते तेवढेच पाहत होता. त्यामागची अट काय आहे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते त्यासाठीच. घेण्याआधी अट वाचावी, हा त्या लढ्याचा धडा आहे. अनुदानाच्या कागदालाही तोच लागू पडतो.

अनुदान मिळाले नाही तर वास्तू आहे तशी राहते. न वाचता, न समजता मिळाले तर वास्तूच जाऊ शकते. खरा धोका हा आहे. अंदाजपत्रक तयार होते, 'इमारत मोडकळीस आली आहे' असा शेरा पडतो, जुन्या भिंती पाडल्या जातात आणि तेथे सिमेंटचे सभागृह, फरशी व कोनशिला येते. कोनशिलेवर मंत्र्यांचे नाव मोठे असते. बाबासाहेब ज्या भिंतींच्या आड झोपले, त्या मात्र ट्रॅक्टरमधून गावाबाहेर गेलेल्या असतात. याला जतन म्हणायचे काय?

दादरचा घाव अजून ताजा आहे. 25 जून 2016 च्या पहाटे आंबेडकर भवन आणि बाबासाहेबांची बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस जमीनदोस्त झाली. वास्तू धोकादायक आहे, तेथे नवी बहुमजली इमारत उभारायची आहे, हे कारण पुढे करण्यात आले. ट्रस्टवर अधिकार कोणाचा, हा वाद होताच. पुढे 19 जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला, समाजाने आपला संताप दाखवला. पण मोर्चाने पडलेली भिंत परत येत नाही. संस्थेचे कागद आणि विश्वस्तांचा वाद आधीच मिटवला नाही, तर हातोड्याला वाट मोकळी होते.

दुसरे उदाहरण लंडनचे. 1921-22 मध्ये बाबासाहेब ज्या घरात राहिले, ते 10 किंग हेन्रीज रोडचे घर महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेतले. थाटामाटात उद्घाटनही झाले. पण राहत्या घराचे संग्रहालय करायला तेथील स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते, ती हाती नव्हती. 2018 मध्ये परवानगी नाकारली गेली, 2019 मध्ये चौकशी झाली आणि मार्च 2020 मध्ये कुठे मान्यता मिळाली. एवढ्या मोठ्या सरकारची ही गत झाली, तर गावच्या स्मारक समितीने किती सावध असावे?

म्हणून अर्जावर सही करण्याआधी काही गोष्टी पक्क्या करा. पहिली गोष्ट मालकीची. जागेचा सातबारा, मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8 कोणाच्या नावावर आहे? तडवळ्याची शाळा जिल्हा परिषदेची. मालकाचा लेखी ठराव नसेल तर समितीचा अर्ज पहिल्याच टेबलावर अडतो. आणि शाळा हलवायची तर मुलांचे वर्ग कोठे भरणार, हेही आधी ठरले पाहिजे. बाबासाहेबांच्या स्मारकापायी गोरगरिबांच्या मुलांचे शिक्षण खोळंबले, असे होता कामा नये.

दुसरी गोष्ट संस्थेची. नोंदणी असून भागत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्तांचे बदल अर्ज मंजूर आहेत काय, दरवर्षीचे लेखापरीक्षण झाले आहे काय? दोन गटांच्या दोन समित्या एकाच वास्तूसाठी अर्ज करू लागल्या, की अधिकाऱ्याला फाईल बाजूला ठेवायला आयते कारण मिळते.

तिसरी गोष्ट पैशाची. अनुदान बहुधा हप्त्यांनी येते. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय दुसरा मिळत नाही. काही योजनांत संस्थेला आपला वाटा घालावा लागतो. दरम्यान भाव वाढतात, मार्चअखेर निधी परत जातो आणि छप्पर उतरवलेली वास्तू पावसात उभी राहते. म्हणून कामाचे टप्पे असे पाडा, की पैसा मध्येच थांबला तरी वास्तू झाकलेली राहील. आधी छप्पर आणि गळती, शोभेची कामे शेवटी.

चौथी गोष्ट जुन्याची ओळख ठेवण्याची. काम सुरू होण्याआधी प्रत्येक खोलीची मापे, नकाशा, छायाचित्रे आणि वृद्धांच्या आठवणी नोंदवून ठेवा. अंदाजपत्रक जतनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून करून घ्या. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंट थापले, की ओल आत कोंडते आणि भिंत आतून पोखरते. 'मूळ वास्तू पाडली जाणार नाही' हे वाक्य करारातच हवे. देखभाल, दिव्याचे बिल आणि राखणदार यांचा खर्च कोण करणार, हेही त्याच कागदावर हवे.

कोणी म्हणेल, पुरातत्त्व खाते आहे ना! 1958 चा केंद्राचा कायदा निदान शंभर वर्षे जुन्या वास्तूचा विचार करतो. तो वास्तूचे वय मोजतो, तिच्यात घडलेल्या घटनेचे मोल मोजत नाही. तडवळ्याच्या परिषदेला शंभर वर्षे 2041 साली होतील. राजांच्या किल्ल्यांना दगडी तट होते, म्हणून ते टिकले. आमचा इतिहास शाळेच्या खोलीत, विहिरीच्या काठावर, सभेच्या माळावर घडला. तो राखायचा तर आपल्यालाच जागे राहावे लागेल.

न राखलेल्या वारशाचे काय होते, हे पाहायला दूर जायला नको. याच जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारे नगर. तेथील त्रिविक्रम मंदिराची विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती, असे अनेक अभ्यासक मानतात. राखणारे उरले नाहीत आणि वास्तूची ओळख बदलली.

शासनाचा निधी ही कोणाची मेहेरबानी नाही, तो आपल्याच करातून आलेला हक्क आहे. तो मागाच, ठामपणे मागा. पण लाचार होऊन नव्हे आणि आंधळेपणाने तर नव्हेच. येत्या 22 फेब्रुवारीला तडवळ्याला अभिवादनासाठी जमाल, तेव्हा पुष्पहाराबरोबर त्या वास्तूच्या कागदपत्रांची फाईलही घेऊन या. ती सर्वांसमोर मोठ्याने वाचा. जे अपुरे असेल ते वर्षभरात पुरे करण्याची जबाबदारी नावानिशी वाटून घ्या. वतनाचे जोखड झुगारण्यासाठी जिथे परिषद भरली, तिथेच अनुदानाचे जोखड मानेवर घ्यायचे नाही, एवढे तरी आपण ठरवू या. जयभीम!