जहाजांनाही एटीकेटी!

जेव्हीएलआरच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही रोज अडकता. पण भारतीय जहाजांचा कारभार याच पट्ट्यातून चालतो, हे ठाऊक आहे? कांजूरमार्गला केंद्र सरकारचं नौवहन महासंचालनालय आहे आणि पवई तलावासमोर जहाजांची तांत्रिक तपासणी करणारी ‘इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग’ ही संस्था.

आणि २०२३ पासून जहाजांचाही दरवर्षी रिझल्ट लागतो, बरं का! आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, म्हणजे आयएमओच्या नियमानुसार ५,००० ग्रॉस टनेजपासून पुढच्या मालवाहू आणि प्रवासी जहाजांना ‘ए’ ते ‘ई’ अशी ग्रेड मिळते. जहाजाची क्षमता आणि कापलेलं अंतर यांच्या गुणाकाराने वर्षभरातल्या कार्बन डायऑक्साइडला भागायचं, झालं गणित! निकष दरवर्षी कडक होतो. त्यामुळे काहीच न सुधारणारं जहाज आज ‘सी’, तर उद्या ‘डी’.

सोपा उपाय म्हणजे वेग कमी करणं. वेग १० टक्के घटवला, तर प्रवास लांबतो खरा, पण तेवढ्याच अंतराला साधारण १९ टक्के इंधन कमी लागतं.

गोम पुढेच आहे. गणितात जहाजाची क्षमता धरतात, प्रत्यक्ष भरलेला माल नाही. रिकामं जहाज इंधन कमी खातं, म्हणून त्याची ग्रेड सुधारते! उलट बंदरात जागा मिळेपर्यंत नांगर टाकून उभं असलेलं जहाज जनरेटरसाठी इंधन जाळतं, पण अंतर शून्य. खोळंबा बंदराचा, मार्क जहाजाचे कटतात.

आणि नापास झाल्यावर? एकदा ‘ई’ किंवा सलग तीन वर्षं ‘डी’ मिळाली, तर सुधारणेचा आराखडा द्यायचा. दंड नाही. आपल्याला एटीकेटीला निदान फॉर्मची फी तरी भरावी लागते!

तशी ‘फी’ लावणारा मसुदा आयएमओत एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिलं. मर्यादेबाहेरच्या उत्सर्जनाला टनामागे १०० किंवा ३८० डॉलर मोजावे लागणार होते. पण अमेरिकेने जोरदार विरोध केला आणि ऑक्टोबरमध्ये अंतिम निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला.

वर्षभराने काय बिघडतं, असं वाटेल. पण जहाज २०-२५ वर्षं चालतं. आज ऑर्डर दिलेलं जहाज २०५० च्या आसपासही धूर सोडत असेल. नेट झिरोचं उद्दिष्टही तेव्हाचंच आहे. तुम्ही तेव्हा पंचेचाळिशीत असाल. म्हणून या फेरमतदानाच्या बातमीवर लक्ष ठेवा.