संगणकाच्या पोटातली धूळ

होळी आटोपली की वऱ्हाडातील घरांत एक ठरलेला क्रम सुरू होतो. माळ्यावरचा कूलर खाली उतरतो, जुन्या ताट्या काढून नव्या बसविल्या जातात, पाण्याच्या मोटरीला तेल दिले जाते आणि माठ धुऊन पालथे वाळत ठेवले जातात. उन्हाळ्याच्या या तयारीत आपण एक वस्तू हमखास विसरतो. कोपऱ्यातल्या टेबलाखाली, क्रोशाचे आवरण पांघरून बसलेला संगणक.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात अकोल्याहून माझ्या मामांचा दूरध्वनी आला. मामा ७९ वर्षांचे. मामींना फुफ्फुसांचा जुना विकार असल्याने घरी प्राणवायूचे यंत्र आहे. त्यांचे छातीचे डॉक्टर दुसऱ्या शहरात असतात आणि दर महिन्याला दुपारी पडद्यावरून तपासणी होते. मामांना मोबाईलवरची अक्षरे दिसत नाहीत, म्हणून मोठा पडदा हवा. त्या महिन्यात तपासणी चालू असताना संगणक दोन वेळा एकाएकी बंद पडला. दुसऱ्या वेळी तर डॉक्टर औषधाची नवी मात्रा सांगत होते. ‘काहून बंद पळते वं हे?’ मामा विचारत होते. एका दुकानदाराने ‘मदरबोर्ड गेला, नवाच घ्या’ असे सांगून टाकले होते.

रविवारी मी अमरावतीहून गेले. कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप उघडली, तर आत जणू करड्या रंगाची गोधडी अंथरलेली. मदरबोर्ड धडधाकट होता. गुदमरला होता एवढेच.

हे गुदमरणे समजून घेण्यासारखे आहे. संगणकाचा प्रोसेसर चालताना तापतो. ती उष्णता काढून घेण्यासाठी त्यावर पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा बसविलेला असतो आणि त्याच्यावर पंखा. चहा कपातून बशीत ओतला की लवकर निवतो, कारण हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. पात्यांचे कामही तेच. पात्यांच्या फटींत धूळ भरली की हवा आत शिरत नाही, पंखा नुसता घोंगावतो, प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की पुढील हानी टाळण्यासाठी यंत्र स्वतःच बंद होते. मामांना जो बिघाड वाटत होता, तो खरे तर यंत्राने स्वतःला वाचविण्याचा प्रयत्न होता.

हे दुपारीच का घडावे? पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. त्यामुळे आतला ठोकळा खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोलीत २५ ऐवजी ४० अंश असतील, तर प्रोसेसरही साधारण तेवढाच, म्हणजे १५ अंशांनी अधिक तापतो. २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा अकोला जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू करून कामगारांना पाणी आणि पंखे पुरविणे बंधनकारक केले होते, शिकवणी वर्गांच्या वेळाही बदलल्या होत्या. माणसांची ही गत, तिथे हिवाळ्यात धुळीसकट निभावून गेलेले यंत्र मे महिन्यात हात टेकते यात नवल नाही.

शिवाय आपली धूळही साधी नव्हे. काळी माती उन्हात भेगाळते, तिचे पीठासारखे कण वावटळीबरोबर घरभर होतात. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या घरी कापसाचे तंतूही येतात, आणि तंतू अडकला की त्याच्या आधाराने धुळीची जाळी विणली जाते. त्यात कूलरची भर. कूलरच्या ओल्या हवेने धूळ चिकट होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी कूलरच्या ताट्यांवर साचणारा पांढरा थर पाहिलाच असेल. त्या पाण्याचे तुषार यंत्रावर उडता कामा नयेत. कूलरचा झोत माणसांकडे असावा, संगणकाकडे नको.

आता स्वच्छतेकडे वळू. पण कशी करावी याआधी ती कुणी करावी, हे ठरविले पाहिजे. मामांनी आदल्या वर्षी हा उद्योग स्वतः केला होता. बंद खोलीत, कूलर चालू ठेवून, कोरड्या फडक्याने. ती सारी धूळ मामींच्या श्वासात गेली आणि पुढचे दोन दिवस खोकल्याने त्यांना झोप नव्हती. दमा किंवा फुफ्फुसांचा विकार असलेल्यांनी हे काम करू नये, आणि ते चालू असताना जवळपासही थांबू नये. कॅबिनेट अंगणात किंवा गॅलरीत न्यावे, रुग्णाच्या खोलीचे दार लावून घ्यावे. त्याचे ओझे ७-८ किलोंचे असू शकते, तेव्हा कंबर किंवा गुडघे दुखणाऱ्यांनी ते उचलण्याचा हट्ट धरू नये. घरातल्या नातवाला बोलवावे. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. आतल्या पत्र्याच्या कडा आणि ठोकळ्याची पाती धारदार असतात. लहानशी चीरही लवकर थांबत नाही.

जो काम करील त्याने नाकातोंडावर एन-९५ मुखपट्टी बांधावी. संगणक रीतसर बंद करून विजेची वायर भिंतीतून काढावी आणि मग चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलासुरला विद्युतभार निघून जातो. समोरून पाहता बहुधा डावीकडची झडप उघडते. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. अंगावरची स्थिर विद्युत नाजूक भागांना मारक ठरते. मग मऊ ब्रशने आणि हाताने दाबण्याच्या रबरी फुग्याने धूळ सैल करून बाहेर काढावी. विजेचा ब्लोअर वापरल्यास दुरून आणि थोडा थोडा वापरावा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. वाऱ्याने पंखा भन्नाट फिरू दिला तर त्याचे बेअरिंग खराब होते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, ओले फडके तर मुळीच नको. आणि ज्या चौकोनी डब्यात विजेची वायर जाते, तो पॉवर सप्लाय कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार साठलेला असतो. त्याची धूळ बाहेरच्या जाळीवरूनच झटकावी.

मामांच्या संगणकाला अर्धा तास लागला. सायंकाळी मामींनी नातीशी पडद्यावर पाऊण तास गप्पा मारल्या. पंख्याचा आवाज आला नाही.

पण त्या दिवशीचे खरे काम निराळेच होते. संगणकाची ही दशा पाहून मी प्राणवायूच्या यंत्राकडे वळले. तेही खोलीतलीच हवा ओढते. त्याच्या पाठीमागची स्पंजची जाळी काळवंडली होती आणि यंत्र भिंतीला चिकटवून ठेवलेले होते. ही बाहेरची जाळी आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवावी लागते आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायची नसते. म्हणून घरात दोन जाळ्या ठेवाव्यात, एक वाळत असताना दुसरी कामाला. यंत्र भिंतीपासून व पडद्यापासून एक फूट तरी दूर असावे. आतला भाग मात्र कंपनीच्या माणसानेच उघडावा. इन्सुलिन ठेवता त्या फ्रिजच्या मागची जाळीदार नळीही याच निमित्ताने झटकून घ्या. ती धुळीने झाकली गेली की फ्रिज मे महिन्यात थंडावा धरत नाही.

मामांनी आता कॅबिनेट जमिनीवरून उचलून फूटभर उंचीच्या पाटावर ठेवले आहे. केरसुणीची धूळ तिथवर कमी पोहोचते, आणि केर काढण्याऐवजी ती खोली ओल्या फडक्यानेच पुसली जाते. क्रोशाचे आवरण अजून आहे, कारण ते मामींनी विणलेले. फक्त संगणक सुरू करण्यापूर्वी ते काढून खुंटीला अडकवले जाते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत होळीच्या आणि दिवाळीच्या चौकोनात मामांनी बारीक अक्षरांत ‘डबा उघडणे’ असे लिहून ठेवले आहे. प्रत्येक रविवारच्या चौकोनात ‘जाळी’.